रायगडाच्या शेवटच्या महाराणी: छत्रपती संभाजी महाराजांच्या नंतर येसूबाईंचं पुढं काय झालं?

छत्रपती संभाजी महाराजांवरचा कुठलाही सिनेमा, मालिका किंवा रील तुळापूर-वढूला येऊन थांबतं. ११ मार्च १६८९. डोळ्यात पाणी, स्क्रीन काळी, संपलं.

पण त्या दिवशी रायगडावर एक बाई होती जिच्यासाठी काहीच संपलेलं नव्हतं. उलट सगळं आता सुरू होणार होतं. पदरात सात वर्षांचाही न झालेला मुलगा, नवऱ्याला मारल्याची बातमी आणि राजधानीच्या दिशेने सरकणारी मोगलांची फौज. पुढच्या सात-आठ महिन्यांत त्या बाईने जे निर्णय घेतले, त्यांच्यामुळे मराठ्यांचं राज्य टिकलं. त्याची किंमत म्हणून तिने आयुष्यातली जवळपास तीस वर्षं कैदेत काढली.

त्या म्हणजे महाराणी येसूबाई.

त्यांची गोष्ट सांगायची तर रायगडाची गोष्ट सांगावी लागते, कारण रायगड हे त्यांचं घर होतं. आपण आज तिथे किल्ला बघायला जातो, त्या तिथे राहायला होत्या.

आधी रायगड घर कसा झाला ते बघू.

महाडपासून साधारण २५ किलोमीटरवर, सह्याद्रीपासून जरा सुटून उभा असलेला एक प्रचंड डोंगर आहे. समुद्रसपाटीपासून उंची ८०० मीटरच्या वर. जुनं नाव रायरी. हा मुलूख जावळीच्या मोऱ्यांचा. १६५६ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, तेव्हा चंद्रराव मोरे पळून याच रायरीवर जाऊन बसला. काही महिन्यांत रायरीही स्वराज्यात आली.

तोवर रायरी हा एक दुर्गम डोंगर होता. शत्रू आला की पळून जाऊन बसायची जागा. तिथे दरबार भरवावा, राण्यांचे महाल बांधावेत, बाजारपेठ वसवावी असं कुणाला वाटलं नसतं. पण महाराजांनी डोंगराबरोबर त्याचा पत्ताही बघितला. महाबळेश्वरला उगम पावणारी सावित्री नदी पोलादपूर, महाड करत बाणकोटला समुद्राला मिळते. जुन्या काळात भरतीच्या पाण्याबरोबर गलबतं खाडीतून महाडकडे यायची. घाटमाथ्यावरचा माल वरंध आणि पारच्या घाटाने खाली उतरायचा. म्हणजे किल्ला डोंगरात, पण समुद्राचं दार हाताशी. आरमार उभं करणाऱ्या, जंजिऱ्याच्या सिद्दीशी झगडणाऱ्या आणि मुंबईच्या इंग्रजांवर डोळा ठेवून असणाऱ्या राजाला राजगडापेक्षा ही जागा सोयीची होती.

मग १६७० च्या आसपास राजधानी राजगडावरून इथे आली. बांधकामाचं श्रेय हिरोजी इंदुलकरांना जातं. जगदीश्वर मंदिराच्या पायरीवर आजही त्यांचं नाव कोरलेलं दिसतं. एवढी राजधानी बांधून माणसाने नाव कोरायला मागितली ती पायरी, हे गाईड लोक आवर्जून सांगतात.

वर काय काय उभं राहिलं? सुमारे २२० फूट लांब आणि १२४ फूट रुंद राजसभा, जिच्या नगारखान्याच्या बाजूला हळू आवाजात बोललेलं सिंहासनाच्या जागेवर ऐकू येतं. अष्टप्रधानांचे वाडे. गंगासागर तलाव. समोरासमोर दोन ओळींत दुकानांची बाजारपेठ. बालेकिल्ल्याला ये-जा करायला पालखी दरवाजा आणि मेणा दरवाजा. त्यातला मेणा दरवाजा राण्यांच्या मेण्यांसाठी. आणि एका ओळीत राणीवसा. या महालांच्या जोत्यांमध्ये प्रत्येकाला जोडून शौचकूप आहे आणि सांडपाणी बाहेर जायची सोय आहे. सतराव्या शतकात, एवढ्या उंच डोंगराच्या माथ्यावर.

६ जून १६७४ ला इथेच शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झेंडन हजर होता. एवढा अवघड चढ चढून आल्यावर दारात हत्ती उभे बघून, हे वर आणले कसे, हा प्रश्न त्याला पडला होता. साडेतीनशे वर्षं झाली, गडावर जाणारा प्रत्येक जण अजून तेच विचारतो.

या सोहळ्यात संभाजीराजे युवराज झाले आणि येसूबाई युवराज्ञी.

माहेर शृंगारपूरचं

येसूबाई मूळच्या संगमेश्वरजवळच्या शृंगारपूरच्या. वडील पिलाजीराव शिर्के. हे आधी शृंगारपूरच्या सूर्यराव सुर्व्यांकडे होते. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी शृंगारपूर घेतलं, सुर्वे पळाले आणि पिलाजीराव स्वराज्यात आले. नातं पक्कं करायला साटंलोटं झालं. शिर्क्यांची लेक येसूबाई संभाजीराजांना दिली आणि महाराजांची लेक राजकुंवर पिलाजीरावांच्या गणोजीला.

वरवर बघता दोन घराण्यांचा गोड संबंध. पण यात एक गाठ पहिल्यापासून होती, वतनाची. शिर्क्यांना दाभोळची देशमुखी हवी होती. महाराजांचं धोरण नवीन वतनं न देण्याचं. राजकुंवरला मुलगा झाला की त्याच्या नावाने देऊ, अशी बोळवण झाली आणि विषय लांबला. ही गाठ पुढे येसूबाईंच्या आयुष्याला कशी आवळली, ते पुढे येईलच.

लग्नानंतरची वर्षंही साधी गेली नाहीत. १६७६ च्या अखेरीला शिवाजी महाराज कर्नाटकच्या मोठ्या मोहिमेवर निघाले. रायगडावर घरातलं वातावरण ताणलेलं होतं, म्हणून संभाजीराजांना शृंगारपूरला पाठवलं गेलं. म्हणजे येसूबाई नवऱ्यासोबत माहेरी आल्या. पुढे डिसेंबर १६७८ मध्ये संभाजीराजे मोगल सरदार दिलेरखानाला जाऊन मिळाले. हा प्रसंग मराठी माणसाला आजही पचायला जड जातो आणि त्यावर वाद घालायला फेसबुक पुरत नाही. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच की, वर्षभरात संभाजीराजांनी दिलेरखानाची छावणी सोडली, तेव्हा येसूबाई त्यांच्यासोबत होत्या. यदुनाथ सरकारांनी लिहिलंय की त्या रात्री येसूबाई पुरुषी वेशात, मोजक्या दहा स्वारांसोबत बाहेर पडल्या. मात्र संभाजीराजांची बहीण राणूबाई आणि दुसऱ्या पत्नी दुर्गाबाई मोगलांच्या ताब्यातच राहिल्या. मोगलांच्या कैदेत राजघराण्यातल्या बायकांचं काय होतं, हे येसूबाईंना दहा वर्षं आधीच घरातून कळलेलं होतं.

३ एप्रिल १६८० ला रायगडावर शिवाजी महाराज गेले. तेव्हा संभाजीराजे पन्हाळ्यावर होते. गडावर काही कारभाऱ्यांनी दहा वर्षांच्या राजारामांना गादीवर बसवलं. जूनमध्ये संभाजी महाराज रायगडावर आले, सूत्रं हातात घेतली आणि जानेवारी १६८१ मध्ये रीतसर राज्याभिषेक झाला.

येसूबाई आता रायगडाच्या महाराणी होत्या.

शिक्का असलेली राणी

इथून पुढची आठ-नऊ वर्षं पुस्तकांमध्ये एक-दोन परिच्छेदांत उरकली जातात. खरं तर येसूबाई नेमक्या कोण होत्या, हे याच वर्षांत कळतं.

संभाजी महाराजांची कारकीर्द म्हणजे घोड्यावरची कारकीर्द. बुऱ्हाणपूर, जंजिरा, गोवा, कर्नाटक. त्यात १६८१ च्या अखेरीला औरंगजेब स्वतः दख्खनेत उतरला तो परत गेलाच नाही. राजा सतत बाहेर, मग राजधानीचा कारभार कोण बघणार? संभाजी महाराजांनी ते काम येसूबाईंना दिलं, आणि तेही तोंडी नाही, त्यांना स्वतःचा शिक्का दिला. सखी राज्ञी जयति अशी अक्षरं असलेला. म्हणजे राजाच्या गैरहजेरीत मुलकी कामाचे कागद येसूबाईंच्या अधिकाराने निघत होते.

त्या काळात राण्यांना मान असायचा, खर्चाला गावं असायची, दानधर्म असायचा. कारभाराचा शिक्का असणं ही वेगळी गोष्ट आहे. गडावरचा तोच राजवाडा, तोच राणीवसा, पण आता त्यातल्या एका महालातून राज्य चालत होतं.

याच काळात, १८ मे १६८२ ला, माणगावजवळच्या गांगवलीला त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं शिवाजी. पुढे हाच मुलगा शाहू नावाने ओळखला गेला.

आणि मग ती वतनाची गाठ सुटायच्या ऐवजी तुटली. १६८८ च्या सुमारास शिर्के आणि कवी कलश यांच्यात उघड लढाई झाली. कलशाला विशाळगडाचा आसरा घ्यावा लागला. संभाजी महाराज स्वतः आले आणि त्यांनी शिर्क्यांचा मोड केला. येसूबाईंची अवस्था कल्पनेनेच समजून घ्या. एका बाजूला नवरा आणि राज्य, दुसऱ्या बाजूला बाप-भावाचं घर.

त्या मोहिमेनंतर संभाजी महाराज संगमेश्वरला होते. शृंगारपूरपासून काही अंतरावर. १ फेब्रुवारी १६८९ ला मुकर्रबखानाने तिथेच त्यांना आणि कवी कलशाला पकडलं.

खानाला वाट कुणी दाखवली? कित्येक पिढ्या बोट गणोजी शिर्क्यांकडे, म्हणजे येसूबाईंच्या सख्ख्या भावाकडे दाखवलं गेलं. शिर्के घराण्याचे वंशज हा आरोप मान्य करत नाहीत, आणि काही अभ्यासकही पुराव्याचा प्रश्न उभा करतात. २०२५ मध्ये छावा सिनेमा आला तेव्हा यावरून मोठा वाद झाला आणि दिग्दर्शकाला दिलगिरी व्यक्त करावी लागली. हा वाद इथे मिटणार नाही. पण आरोप खरा असो वा खोटा, महाराज पकडले गेल्याची बातमी आली तेव्हा आपल्या माहेराबद्दल दबक्या आवाजात काय बोललं जातंय, ते रायगडावर येसूबाईंच्या कानावर आलं नसेल असं मानणं अवघड आहे.

सगळ्यात अवघड निर्णय

आता रायगडावर काय परिस्थिती होती बघा.

राजा शत्रूच्या कैदेत. गादी रिकामी. गडावर गादीचे दोन दावेदार. एक सहा वर्षांचे शाहू, येसूबाईंचा मुलगा, थेट वारस. दुसरे एकोणीस वर्षांचे राजाराम, संभाजी महाराजांचे सावत्र भाऊ. आणि हे राजाराम कोण, तर ज्यांना नऊ वर्षांपूर्वी कारभाऱ्यांनी येसूबाईंच्या नवऱ्याला डावलून गादीवर बसवलं होतं, आणि त्यानंतर जे गडावर नजरेखालीच राहिले होते.

जगाच्या इतिहासात अशा वेळी आया काय करतात हे आपल्याला माहीत आहे. मुलाला गादीवर बसवतात, स्वतः त्याच्या नावाने राज्य करतात आणि दिराला तुरुंगात टाकतात, किंवा त्याहून वाईट काहीतरी करतात. येसूबाईंकडे तर शिक्का होता, कारभाराचा अनुभव होता आणि हक्कही होता.

त्यांनी राजारामांना गादीवर बसवायचा निर्णय घेतला. फेब्रुवारी १६८९ मध्येच राजारामांचं मंचकारोहण झालं. संभाजी महाराज अजून हयात होते तेव्हा.

यामागचा हिशोब थंड डोक्याचा होता. मूल गादीवर बसवलं असतं तर ते गडावरच अडकून पडलं असतं, आणि गड पडला की राज्य संपलं असतं. राजाराम तरुण होते, घोड्यावर बसू शकत होते, पळू शकत होते. बखरींमधून जी मसलत समजते तिचा सारांश असा की, घराण्यातल्या सगळ्यांनी एकाच किल्ल्यावर राहणं धोक्याचं आहे, राजारामांनी बाहेर पडावं, एका जागी न थांबता फिरतं राहावं आणि फौजा गोळा कराव्यात. येसूबाई आणि शाहू मात्र रायगडावरच थांबणार.

का थांबणार? कारण लहान मूल आणि सगळा राणीवसा घेऊन मोगलांच्या फौजांमधून निसटणं जवळपास अशक्य होतं. आणि दुसरं म्हणजे, राजधानीत महाराणी आणि युवराज आहेत म्हटल्यावर मोगलांची मोठी फौज रायगडालाच चिकटून राहणार होती. तेवढा वेळ राजारामांना मिळणार होता.

सोप्या भाषेत, राजा निसटावा म्हणून येसूबाई स्वतः आमिष झाल्या.

मार्चमध्ये संभाजी महाराजांना मारल्याची बातमी आली. त्याच महिन्याच्या अखेरीला रायगडाला वेढा पडला. मोगल सरदाराचं नाव इतिकादखान, औरंगजेबाचा वजीर असदखान याचा मुलगा. हे नाव लक्षात ठेवा, हा माणूस या गोष्टीत पुन्हा पुन्हा येणार आहे.

महाड तालुक्यातल्या सांदोशी भागात आजही एक आठवण जपली जाते. रायगडाकडे येणारी मोगलांची एक तुकडी कावल्या-बावल्याच्या खिंडीत मूठभर मावळ्यांनी अडवली. जिवाजी सर्कले नाईक आणि गोदाजी जगताप यांची नावं त्यासाठी घेतली जातात. पानिपत, पावनखिंड सगळ्यांना माहीत असते, ही खिंड महाडच्या बाहेर फारशी कुणाला माहीत नाही. पण या झुंजीमुळे त्या बाजूने वेढ्याचा फास लगेच आवळला गेला नाही.

५ एप्रिल १६८९ ला राजाराम महाराज रायगडावरून निसटले आणि प्रतापगडाला पोचले. या दोन गडांच्या मध्ये आजच्या पोलादपूरचा डोंगराळ मुलूख येतो. आकाश स्वच्छ असेल तर रायगडाच्या माथ्यावरून प्रतापगडाकडचे डोंगर दिसतात. प्रतापगडावरून राजाराम पन्हाळ्याला गेले आणि सप्टेंबरमध्ये थेट दक्षिणेत, तामिळनाडूतल्या जिंजीकडे निघाले.

आणि येसूबाई रायगडावर लढत राहिल्या. एप्रिल, मे. मग कोकणातला पावसाळा. ज्यांनी जुलैमध्ये रायगड बघितलाय त्यांना कळेल, धुक्यात दहा फुटांवरचं दिसत नाही आणि पाऊस आडवा लागतो. गडावरच्यांचे हाल, खालच्या मोगलांचेही हाल. पावसाळा संपला, वेढा उठला नाही. मदत यायची शक्यता नव्हती, कारण ज्यांनी मदत करायची ते जिंजीच्या वाटेवर होते.

३ नोव्हेंबर १६८९ ला रायगड मोगलांच्या ताब्यात गेला. सात महिन्यांहून जास्त काळ गड झुंजला होता.

इथे सूर्याजी पिसाळ हे नाव येतंच. वाईच्या देशमुखीच्या लोभाने त्याने किल्ला दिला अशी कथा मराठीत इतकी रुजली की हे नाव फितुरीला समानार्थी शब्द झालं. इतिहासकारांमध्ये यावरही एकमत नाही. बाहेरून कुमक नाही, खजिना आटलेला, चारी बाजूंनी वेढा, अशा वेळी फितुरी असो वा नसो, बोलणी करून गड खाली करणं एवढाच मार्ग उरला होता, असंही काही जण मानतात.

मोगलांनी रायगडाचं नाव इस्लामगड ठेवलं. गड घेतल्याबद्दल इतिकादखानाला औरंगजेबाकडून नवीन किताब मिळाला, झुल्फिकारखान. इतिहासात तो याच नावाने ओळखला जातो. म्हणजे त्याचं नाव आणि येसूबाईंची कैद एकाच दिवसाची कमाई आहे.

फिरत्या तंबूतलं आयुष्य

येसूबाई, शाहू, शिवाजी महाराजांच्या राणी सकवारबाई, घरातली बाकीची माणसं आणि सेवक असा सगळा काफिला औरंगजेबाच्या छावणीत नेण्यात आला. सात वर्षांच्या शाहूंना सात हजारी मनसब आणि राजा हा किताब मिळाला. कागदोपत्री मोगल सरदार, प्रत्यक्षात कैदी.

औरंगजेबाची छावणी म्हणजे चालतं-फिरतं शहर. बाजार, तोफखाना, हत्ती, जनानखाना सगळं त्यात. १६९५ पासून काही वर्षं भीमेकाठच्या ब्रह्मपुरीला मुक्काम होता, बाकी वेळ आज इथे, उद्या तिथे. दगडी राजवाड्यात राहिलेल्या राणीचं घर आता कनातींच्या आत होतं. पुढची सतरा-अठरा वर्षं.

या कैदेत त्यांना एक आधार मिळाला तो अनपेक्षित ठिकाणाहून. औरंगजेबाची मुलगी झीनत-उन-निसा. तिने येसूबाई आणि शाहू यांच्यावर माया केली, त्यांची काळजी घेतली. शाहू महाराजांनी पुढे आयुष्यभर तिच्याबद्दल आदर ठेवला.

पण धोका कधीच टळलेला नव्हता. १७०३ च्या सुमारास शाहूंनी धर्म बदलावा यासाठी औरंगजेबाचा दबाव आला. परंपरेने सांगितलं जातं की शाहूंच्या बदली प्रतापराव गुजरांच्या दोन मुलांनी, खंडेराव आणि जगजीवन यांनी, धर्मांतर स्वीकारलं आणि वेळ निभावली. याच छावणीत शाहूंची लग्नं लागली. एक मुलगी सिंदखेडच्या जाधवांची, दुसरी कण्हेरखेडच्या शिंद्यांची. कैदेत सुना आल्या.

बाहेर काय चाललं होतं याच्या बातम्या छावणीत येतच असणार. झुल्फिकारखान आता जिंजीला वेढा घालून बसला होता. तिथे त्याला एकेक वर्ष करत १६९८ उजाडलं आणि राजाराम तिथूनही निसटले. १७०० मध्ये राजाराम महाराज सिंहगडावर वारले, ताराबाईंनी सूत्रं घेतली, औरंगजेब एकेक किल्ला घेत आणि गमावत फिरत राहिला. रायगडावर एप्रिल १६८९ मध्ये जी चाल खेळली गेली होती ती यशस्वी झाली होती. ती खेळणारी बाई मात्र शत्रूच्याच छावणीत बसून ते बघत होती.

३ मार्च १७०७ ला अहमदनगरजवळ औरंगजेब मेला.

आता सुटका होणार, असं वाटेल. अर्धीच झाली. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा गादीसाठी उत्तरेकडे निघाला, सोबत मराठी कैदीही निघाले. वाटेत, भोपाळजवळच्या दोराहा इथे, मे १७०७ मध्ये शाहूंना सोडण्यात आलं. हा सल्ला देणारा माणूस झुल्फिकारखान. शाहू दख्खनेत गेले की ताराबाईंशी त्यांचा संघर्ष होणार आणि मराठे आपसांत गुंतणार, हा त्याचा हिशोब. आणि शाहूंनी फार डोकं वर काढू नये म्हणून त्यांची आई आणि बायका ओलीस ठेवायच्या.

पंचवीस वर्षांचा मुलगा दक्षिणेकडे वळला. येसूबाईंना दिल्लीला नेलं.

दुसऱ्यांदा तोच प्रसंग. आधी दिराला बाहेर काढून त्या मागे राहिल्या, आता मुलगा बाहेर पडला आणि त्या मागे राहिल्या.

झुल्फिकारखानाचा हिशोब बरोबर निघाला. शाहू आणि ताराबाई यांच्यात युद्ध पेटलं, शाहूंना तोतया ठरवायचा प्रयत्न झाला, खेडच्या लढाईत शाहू जिंकले आणि जानेवारी १७०८ मध्ये साताऱ्याला त्यांचा राज्याभिषेक झाला. मुलाच्या राज्याभिषेकाला आई नव्हती. पुढे झुल्फिकारखानालाही दिल्लीच्या राजकारणाने गिळलं. १७१३ मध्ये नवीन बादशहा फर्रुखसियरने त्याला ठार करवलं. येसूबाई तेव्हाही दिल्लीतच.

बाळाजी विश्वनाथ दिल्लीला जातात तेव्हा

शाळेच्या पुस्तकात बाळाजी विश्वनाथांनी दिल्लीहून चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या हे वाक्य असतं आणि त्यावर दोन मार्कांचा प्रश्न. त्या मोहिमेची एक घरगुती बाजू होती, ती पुस्तकात एका ओळीत येते.

फर्रुखसियर आणि त्याला गादीवर बसवणारे सय्यद बंधू यांचं फाटलं. दख्खनच्या सुभ्यावर असलेल्या सय्यद हुसेन अलीला मराठ्यांची फौज हवी होती. १७१८ मध्ये करार ठरला. मराठ्यांना स्वराज्याचा मुलूख, दख्खनच्या सहा सुभ्यांवर चौथाई, सरदेशमुखी. आणि शाहू महाराजांच्या बाजूने एक अट अशी, जी पैशांत मोजता येत नव्हती. मातोश्रींची सुटका.

बादशहा हा करार मान्य करेना. मग हुसेन अली आणि बाळाजी विश्वनाथ हजारो मराठी स्वार घेऊन दिल्लीवर गेले. सोबत तरुण बाजीरावही होते. १७१९ च्या फेब्रुवारीच्या अखेरीला दिल्लीत गोंधळ उडाला, रस्त्यांवर मारामारी झाली, त्यात संताजी भोसले आणि दीड-दोन हजार मराठे मारले गेले. पण फर्रुखसियर गादीवरून खाली आला. नवीन बादशहाच्या नावाने मार्चमध्ये सनदा मिळाल्या आणि येसूबाई मोकळ्या झाल्या.

१७१९ च्या जुलैमध्ये त्या साताऱ्याला पोचल्या. बारा वर्षांनी मुलाला बघितलं. सुटताना पंचविशीत असलेले शाहू महाराज आता सदतीस वर्षांचे होते आणि येसूबाई साठीच्या घरात. नोव्हेंबर १६८९ ते मार्च १७१९, म्हणजे एकोणतीस वर्षांपेक्षा जास्त काळ त्या कैदेत होत्या. नवऱ्यासोबत महाराणी म्हणून रायगडावर मिळालेली वर्षं जेमतेम नऊ.

साताऱ्यात त्या राजमाता म्हणून राहिल्या. पण ज्या घरातून त्यांना नेलं होतं ते घर अजून परक्याच्या ताब्यात होतं. मोगलांनी घेतलेला रायगड पुढे जंजिऱ्याच्या सिद्दीकडे गेला होता आणि १७१९ च्या सनदांनी तो परत आला नाही. तो परत मिळवायला १७३३ उजाडावं लागलं. म्हणजे तब्बल ४४ वर्षं राजधानी स्वराज्याबाहेर होती. शाहू महाराजांची गादी साताऱ्यालाच राहिली आणि रायगड पुन्हा कधी राजाचं राहतं घर झाला नाही.

पेशवाईत त्याचा उपयोग राहिला तो किल्ला म्हणून. १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या पत्नी वाराणसीबाई आसऱ्याला गडावर होत्या, तेव्हा इंग्रज अधिकारी प्रॉथरने वेढा घालून तोफा डागल्या. मे महिना, वाळलेलं लाकूड, वाड्यांना आग लागली. १० मे १८१८ ला गड इंग्रजांकडे गेला. वरचे लाकडी मजले, छतं, खांब सगळं जळालं आणि दगडी जोती तेवढी राहिली. पुढे महात्मा फुल्यांनी १८६९ मध्ये येऊन शिवाजी महाराजांची समाधी शोधून काढली आणि १८९५ नंतर टिळकांनी जीर्णोद्धारासाठी निधीची मोहीम चालवली. १ जानेवारी १९८१ ला कुलाबा जिल्ह्याचं नाव रायगड झालं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात रायगड आहे.

येसूबाईंची समाधी साताऱ्याजवळ, कृष्णा आणि वेण्णेच्या संगमावर, माहुलीला आहे. ती त्यांचीच असल्याचं अभ्यासकांनी कागदपत्रांच्या आधारे दाखवून दिलं, तेही अलीकडच्या काळात. तोवर लोक शेजारून जात होते.

रायगडावर रोपवेने गेलात तर पायऱ्यांचा त्रास वाचतो, आणि उतरून थोडं चाललं की मेणा दरवाजा लागतो. त्यातून आत गेल्यावर राणीमहालांची जोती एका ओळीत दिसतात. बहुतेक लोक तिथे न थांबता सिंहासनाकडे जातात. यातला येसूबाईंचा महाल कुठला, हे सांगणारी पाटी तिथे लावलेली नाही.